सोलापुरात नव्याने आलात? आधी पाण्याचा दिवस विचारा

घर बघताना भाडं, डिपॉझिट, पार्किंग हे सगळेच विचारतात. सोलापुरात त्याच्याही आधी विचारायचं ते, "पाणी कधी येतं, आणि किती वाजता?" उजनी धरण, भीमा नदीवरची टाकळी आणि हिप्परगा तलाव इथून शहराला पाणी मिळतं, पण नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड पाळी असते, वेळ कधी पहाटेची, कधी रात्रीची, आणि कुठे जलवाहिनी फुटली की पाळी आणखी पुढे जाते. पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली जागी असते. बाहेरून येऊन इथे रुळलेल्या आम्हा मंडळींचं म्हणणं एवढंच, की शेजार जोडायचा असेल तर बाग, बाजार, श्रमदान हे सगळं या पाळीवर बसवा. रविवारी सकाळी सात वाजता जमायचं ठरवलंत आणि नेमकं तेव्हाच पाणी आलं, तर कोणी फिरकणार नाही. त्यात रागावण्यासारखं काही नाही.

ओळख कुठून सुरू करायची, तर बागेतून. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड भागातल्या बहुतेक सोसायट्यांत एखादा कोपरा गाजरगवताने भरलेला असतोच. जागा सोसायटीची असेल तर आधी ठराव करून घ्या. महापालिकेची ओपन स्पेस असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. नुसत्या भाडेकरूच्या सहीवर अर्ज हलत नाही. घरमालक आणि दोन-तीन जुन्या रहिवाशांच्या सह्या घ्या. त्या सह्यांच्या निमित्ताने चार घरांत चहा होतो, तो टाळू नका. जागेवर जुनं झाड असेल तर परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावू नका. शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 पासून वेगळा कायदा आहे.

एक वाफा, एक बॅरल

चार फूट बाय दहा फुटांचा वाफा म्हणजे साधारण पावणेचार चौरस मीटर. मे महिन्यात इथला पारा 42-43 च्या पुढे जातो, तेव्हा भाजीला चौरस मीटरमागे दिवसाला आठेक लिटर पाणी लागतं. म्हणजे वाफ्याला रोज तीस लिटर, आणि पाच दिवसांच्या पाळीला दीडशे. दोनशे लिटरच्या एका बॅरलमध्ये हे बसतं आणि थोडं उरतं. थंडीत गरज निम्म्यावर येते, मग त्याच बॅरलवर दोन वाफे निघतात. बॅरल जितके, वाफे तितके. उत्साहाच्या भरात आठ वाफे आखून मार्चमध्ये टँकर मागवणारी सोसायटी पुढच्या वर्षी बागेचं नाव काढत नाही.

रोज शिंपडण्यापेक्षा दिवसाआड साठ लिटर सावकाश द्या. काळी माती पाणी धरून ठेवते. वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि एका दुपारी माना टाकतात. पुस्तकातले उंच गादीवाफे इथे उन्हाळ्यात फार लवकर सुकतात, म्हणून सपाट किंवा जरा खोलगट वाफा बरा. मात्र इथला मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, परतीचा. तेव्हा हाच वाफा डबकं होतो आणि मुळं कुजतात. एका बाजूचा बांध फोडून पाणी बाहेर काढायची वाट आधीच आखून ठेवा, एरवी ती मातीने बुजवून ठेवता येते.

कुंड्यांत निव्वळ काळी माती भरू नका. पावसात ती चिखल होते आणि उन्हात दगड. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं खत असं मिश्रण चालतं. आच्छादनाला उसाचं पाचट उत्तम. रसवंतीवरची चिपाडं फुकट मिळतात, पण ताजी टाकलीत तर मुंग्या लागतात आणि मातीत मिसळली गेली तर नत्र ओढून भाजी पिवळी पडते. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, मग वरून दोन-तीन इंचांचा थर द्या. खताच्या ड्रममध्ये एक भाग ओल्या कचऱ्याला दोन भाग सुका पाला, आठ-दहा दिवसांनी एकदा खालीवर. वास सुटला म्हणजे ओल जास्त झाली. सुका पाला वाढवा.

बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि खारं. मातीवर पांढरा थर आला, पानांच्या कडा करपल्या, तर कारण बहुधा तेच. नळाचं आणि बोअरचं आलटून पालटून द्या. कपडे धुतलेलं पाणी आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी पालेभाजीला नको. साबणातल्या सोडियमने काळी माती आणखी घट्ट बसते.

बॅरलचा दुसरा धोका डासांचा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. तोंडाला जुन्या धोतराचं कापड घट्ट बांधा आणि आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी घासणं सगळ्यात सोयीचं.

सुरुवात जूनमध्ये करू नका. इथे जूनच्या पावसाचा भरवसा नसतो. दसऱ्यानंतर मेथी टाका: पंचवीस-तीस दिवसांत पेंडी हातात येते, आणि महिनाभरात ताटात काही आलं तर माणसं टिकतात. कोथिंबिरीचे धने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. पालक, मुळा त्यासोबत. गवार, भेंडी पावसाळ्याच्या तोंडाला. कडेला शेवगा आणि कढीपत्ता लावा, पण पहिली दोन वर्षं काटेरी कुंपण हवंच. इथल्या शेळ्यांना कुठलंही फाटक अडवत नाही. पाणी घालायची पाळी दोन-दोन घरांच्या जोड्यांना द्या. एकट्यावर सोपवलं की तिसऱ्या महिन्यात तो एकटाच राबत असतो आणि बाकीचे भाजी न्यायला येतात.

बाजार एकत्र करा

रोजच्या भाजीला लक्ष्मी मंडई किंवा बाळीवेशीकडची कस्तुरबा मंडई. सकाळी माल ताजा, अंधार पडताना भाव उतरलेले. विकणाऱ्या बाईंना मावशी किंवा अक्का म्हणा, आणि एकाच ठिकाणी सलग महिनाभर घ्या. मग वांगी निवडून द्यायला लागतात.

खरी शेजारधर्माची खरेदी वर्षाच्या ज्वारीची. मालदांडी ज्वारी रब्बीची, फेब्रुवारी-मार्चपासून नवा माल येतो. चार माणसांच्या घरात रोज सहा-सात भाकरी होत असतील तर महिन्याला बारा किलो, वर्षाला जवळपास दीड क्विंटल लागते. पाच-सहा घरांनी मिळून हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात भाव काढला तर टेम्पोचा खर्च वाटला जातो. दाणा मोत्यासारखा पांढरा आणि टपोरा हवा, दाताखाली कडक वाजला पाहिजे. पोत्यात मधोमध हात घालून बघा, वरचा थर बघून पैसे देऊ नका. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरलं की आत घाम धरतो आणि किड्यांना आमंत्रण मिळतं.

कांद्यात नवखे हमखास फसतात. डिसेंबर-जानेवारीत यार्ड लाल कांद्याने भरून जातं, भाव पडतात, आणि माणूस हौसेने पन्नास किलोचं पोतं उचलतो. तो कांदा टिकत नाही. महिन्या-दीड महिन्यात कोंब आणि पाणी. साठवणीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळी. तोच जाळीच्या पिशवीत, हवेशीर ठिकाणी ठेवा.

जमायचं कधी

मार्च ते जून सकाळी साडेसहा ते आठ, त्यापुढे कोणाकडून काम होत नाही. संक्रांतीच्या सुमाराचे चार-पाच दिवस सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे, तेव्हा शेजारचे बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पेहराव घालून नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मागे असतात. तुम्हीही जा, बैठक ठेवू नका. पूर्व भागात तेलुगू पद्मशाली घरं मोठ्या संख्येने आहेत, तिथे नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. रमजानमध्ये संध्याकाळची वेळ टाळा. निरोप मराठीत लिहाच, पण पूर्व भागात तेलुगूत आणि अक्कलकोट रोडला कन्नडमध्ये दोन ओळी जोडल्या तर माणसं दुप्पट येतात. आषाढीआधी पालख्या जातात तेव्हा वारकऱ्यांना पाणी देण्याच्या सेवेत नवख्यालाही लगेच काम मिळतं, कोणी गाव विचारत नाही.

वर्गणी लहान ठेवा, घरटी महिन्याला पन्नास रुपये पुष्कळ. हिशेब जिन्यातल्या फळ्यावर, तारखेसकट. संघटनेचं नाव, अध्यक्ष, लेटरहेड या भानगडी पहिल्या वर्षी नकोतच. पदं आली की भांडणं आली.

थंडीत एखादा हुरडा ठरवा, तो मात्र दोन आठवडे आधी. कणीस हुरड्याला योग्य असतं ते आठ-दहा दिवसच, नंतर दाणा टणक होतो. शेतकऱ्याला माणसं आधी सांगा, माणशी चार-पाच कणसं धरा. गोवऱ्यांची आगटी पेटून निखारे झाले की कणसं खुपसायची, ज्वाळेत धरली तर साल करपते आणि दाणा कच्चा राहतो. शेंगाचटणी, गूळ, दही घरून न्या. आणि निघण्याआधी बघून घ्या, त्या दिवशी पाण्याची पाळी नाही ना.