स्पीकरचा घुमणारा बास असा आटोक्यात आला

बास गिटारचा एखादाच सूर अंगावर यायचा, बाकीचे ठीक. बासचं बटण कमी केलं तर सगळंच पातळ. गालिचा टाकला, त्याने फक्त वरचे सूर दबले. महिनाभर नुसता वैताग.

शेवटी ३० ते १०० हर्ट्झचे सूर ५-५च्या टप्प्याने वाजवले. ५० ला खोली घुमली. खोलीची लांबी ३.४ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर; ३४३ भागिले लांबीची दुप्पट ६.८, म्हणजे साधारण ५०च! खोलीच तो सूर घुमवत होती.

मग आधी खुर्ची मागच्या भिंतीपासून १.२ मीटर पुढे आणली. निम्मं काम इथेच झालं. नंतर स्पीकर कोपऱ्यातून काढून त्यांच्या मागच्या भिंतीपासून ७० सेंटीमीटरवर ठेवले. शेवटी स्पीकरमागच्या भोकांत गुंडाळलेले मोजे कोंबले (हसू नका). बासचं बटण परत शून्यावर.