कोकणात पक्षी बघायला पहिली दुर्बीण कशी निवडावी

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसणार, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहिलीच दुर्बीण असेल तर ८×४२ घ्या. दुकानदार १०×५० किंवा झूमवालीकडे कितीही ओढू दे, हलू नका.

पट वाढली की हाताचा कंपही तेवढाच वाढतो आणि नजरेचा आवाका कमी होतो. पोफळीच्या बागेत हळद्या या झाडावरून त्या झाडावर उडतो, तो अरुंद आवाक्यात सापडेपर्यंत गेलेला असतो. होडीतून बघायचं असेल तर ८ पटीसुद्धा कधीकधी जास्त वाटते! खाडीच्या चिखलावर लांब बसलेल्या चिखल्या आणि तुतवारांसाठी १० पट बरी, हे मान्य. पण त्याला फुकटचा उपाय आहे: भरती चढत असताना जा. पाणीच पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं.

आता उजेड. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात, डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा ठिपका एवढ्या मिलिमीटरचा असतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तो जेमतेम २.५. दिवेलागणीच्या आधी दाट आगरात ही छोटी दुर्बीण काळोखच दाखवते.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने एका गोष्टीत तडजोड करू नये: दुर्बीण वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली हवी. पुण्या-मुंबईचे मित्र पोरो पद्धतीची, म्हणजे जुन्या धाटणीची रुंद खांद्यांची दुर्बीण सुचवतील. तेवढ्याच पैशांत तिचं चित्र बहुधा सरस असतं, यात वाद नाही. पण स्वस्तातल्या बऱ्याच पोरो वॉटरप्रूफ नसतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आतल्या भिंगांवर बुरशी धरू शकते. म्हणून इथे सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची सीलबंद दुर्बीण घ्यावी, असं माझं मत. जुनी घेणार असाल तर मोठ्या भिंगातून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर भाव कितीही पडलेला असो, ठेवून द्या.

दुकानात काचेच्या कपाटावरून निवडू नका, दाराशी या. समोरच्या इमारतीच्या सावलीतली पाटी वाचा. अक्षरं कडेलाही बऱ्यापैकी स्वच्छ हवीत, आणि दोन डोळ्यांची दोन चित्रं दिसली तर दुर्बीण बाद. मग ती हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगांत बघा: प्रकाशाचे ठिपके गोल हवेत, कडा कापलेल्या नकोत. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर नकोच. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर असावा.

घरी आल्यावर ती डोळ्यांना जुळवून घ्या:

१. दोन्ही नळ्या मिटत-उघडत एकच गोल दिसेपर्यंत आणा.
२. उजवा डोळा झाका, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने माडाचं एखादं झाप स्पष्ट करा.
३. डावा झाका. चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तेच झाप स्पष्ट करा.

ही कडी मग तशीच राहू द्या. पुढे फक्त चाक फिरवायचं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. खाली बघून शोधायला गेलात की समुद्रगरुड केव्हाच गेलेला असतो.

पुळणीवर सकाळीच जावं, ऊन पाठीमागून येतं. संध्याकाळी समुद्राकडे बघताना सूर्य समोर असतो: कुरव नुसते काळे दिसतात, आणि चुकून सूर्याकडे दुर्बीण वळली तर डोळ्याला कायमची इजा होते.

परत आल्यावर भिंग शर्टाने पुसू नका. त्यावर मीठ आणि वाळूचे कण असतात, ओरखडे पडतात. आधी रबरी फुंकणीने कण उडवा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलावलेलं मऊ कापड हलकेच फिरवा. पावसाळ्यात कपाटात कोंडण्यापेक्षा झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्या ओल धरू लागल्या की बदला.