साइटवरच्या नोंदींचा अहवाल एआयकडून करून घेताना या चुका टाळा

दिवसभर डायरीत, मालासोबत आलेल्या चलनाच्या पाठीमागे आणि व्हॉट्सॲपवरच्या ध्वनिसंदेशांत साठलेल्या नोंदी संध्याकाळी दैनंदिन प्रगती अहवालात नीट बसवणे हे साइट इंजिनिअरच्या वाट्याला येणारे कंटाळवाणे काम आहे. एआय ते काही मिनिटांत करून देते, त्यामुळे त्याचा वापर वाढणे स्वाभाविक आहे. मात्र या अहवालावर सही होते, त्याच्या आधारे रनिंग बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याचे बिल) तपासले जाते आणि पुढे वाद उद्भवला तर तोच पुरावा म्हणून समोर ठेवला जातो. म्हणून भाषा सुधारण्याचे काम एआयला जरूर द्यावे, पण साइटवर काय घडले हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे जाऊ देऊ नये. पुढील बहुतेक चुका नेमक्या याच ठिकाणी होतात.

नोंदीत नसलेले अहवालात येणे

सर्वांत गंभीर आणि तरीही सहज नजरेतून सुटणारी चूक हीच आहे. समजा, डायरीत एवढेच लिहिले आहे: ‘तिसरा स्लॅब. आरएमसी ७ गाड्या, ४२ घमी. सकाळी ९ ते ४. स्लंप १२०. पाचवी गाडी उशिरा. ३ ला पाऊस, १५ मि. क्यूब भरले.’ (आरएमसी म्हणजे बाहेरून तयार येणारे रेडीमिक्स काँक्रीट, घमी म्हणजे घनमीटर, स्लंप म्हणजे ताज्या काँक्रीटच्या घट्ट-सैलपणाचे मिमीमधले माप आणि क्यूब म्हणजे ताकद तपासण्यासाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे.) या नोंदीचा व्यावसायिक अहवाल तयार कर, एवढेच सांगितले की साधारण असा मजकूर हाती येतो: ‘तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे एम२५ दर्जाचे ४२ घनमीटर काँक्रीट नियोजनानुसार ओतण्यात आले. प्रत्येक गाडीचा स्लंप तपासला असता तो १२० मिमी आढळला. पावसाच्या वेळी ताज्या काँक्रीटवर प्लास्टिकचे आच्छादन घालण्यात आले. आयएस ४५६ नुसार १२ क्यूब भरण्यात आले.’

वाचायला हा मजकूर चांगला आहे, पण मजला, काँक्रीटचा दर्जा (एम२५ हे त्याच्या ताकदीचे मानांकन), ‘नियोजनानुसार’, ‘प्रत्येक गाडी’, आच्छादन आणि क्यूबची संख्या या सहा गोष्टी डायरीत नाहीत. त्यांतील क्यूबचा आकडा विशेष धोकादायक आहे, कारण तो खरा वाटतो. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेप्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटसाठी किमान चार नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब असतात, म्हणजे १२ हा आकडा संहितेतून आलेला आहे, साइटवरून नव्हे. त्या दिवशी प्रत्यक्षात सहाच क्यूब भरले गेले असतील, तर क्यूब रजिस्टरमध्ये ६ आणि अहवालात १२ अशी नोंद कायमची राहते, आणि २८ दिवसांच्या ताकद चाचणीचे निकाल येतात तेव्हा उरलेल्या सहा क्यूबचे काय झाले याचे उत्तर कोणाकडेच नसते. सहाच भरले ही त्रुटी होतीच, परंतु ती त्याच संध्याकाळी उघड झाली असती तर निदान तिच्यावर निर्णय तरी घेता आला असता.

मजल्याचेही तसेच आहे. तळमजल्यावरचा स्लॅब पहिला धरला तर तिसरा स्लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्याचे छत होते, आणि प्लिंथचा (जोत्याचा) स्लॅब मोजणाऱ्या साइटवर हिशोब आणखी एकाने सरकतो. ‘पाचवी गाडी उशिरा’ ही त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद तर ‘नियोजनानुसार’ या एका शब्दाखाली गाडली गेली. आयएस ४९२६ प्रमाणे रेडीमिक्स काँक्रीट सामान्यतः गाडीत भरल्यापासून दोन तासांच्या आत रिकामे व्हावे लागते. त्यामुळे चलनावरची वेळ, गाडी साइटवर पोहोचल्याची वेळ आणि ती रिकामी झाल्याची वेळ या तिन्ही अहवालात हव्यात, आणि गाडीची वाट पाहताना कोणत्या ग्रिडवर (नकाशावरच्या खांबांच्या रेषांवर) काम थांबले होते हेही हवे, कारण पुढे तिथे कोल्ड जॉइंट (आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) निघाला तर शोध तिथूनच सुरू होईल.

यावर उपाय म्हणजे सूचना बदलणे. ‘माझ्या नोंदीत असलेलेच लिही. जे नाही तिथे “नोंद नाही” असे लिही. विशेषणे घालू नकोस. शेवटी, अहवाल पूर्ण होण्यासाठी मला विचारायच्या प्रश्नांची यादी दे.’ एवढे सांगितले की तेच साधन उपयोगी पडते: एम किती, क्यूब किती, स्लंप कोणत्या गाडीचा, असे प्रश्न ते समोर ठेवते, आणि माणसे अजून साइटवर असताना त्यांची उत्तरे मिळू शकतात. सूचना देऊनही ‘समाधानकारक’, ‘सर्व सुरक्षा नियमांचे पालन करून’ अशी वाक्ये येत राहिली, तर मोकळ्या परिच्छेदाऐवजी ठरलेल्या रकान्यांचा तक्ता द्यावा, कारण रकान्यात पाल्हाळाला जागा उरत नाही.

एकके आणि आकडे

‘चार सुती सळी’ असे मुकादमाने सांगितले की साइटवर १२ मिमी समजले जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढेच ज्याला ठाऊक आहे ते साधन १२.७ मिमी लिहू शकते, आणि अशी सळी बाजारात मिळतच नाही. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर असतो, तर प्लास्टर किंवा फरशीचा ब्रास १०० चौरस फूट म्हणजे ९.२९ चौरस मीटर असतो; काम कोणते हे न सांगता ‘५ ब्रास’ दिले तर रूपांतर चुकण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या साइटवरचे असे शब्द, त्यांचे अर्थ आणि एकके यांचे एक पान एकदाच तयार करून प्रत्येक वेळी नोंदींसोबत द्यावे. हस्तलिखिताचा फोटो दिला असेल तर १ आणि ९ स्वतःच्या डोळ्यांनी पडताळावेत.

मोजमापाचा हिशोब एआयकडून मुळीच करून घेऊ नये, तो एक्सेलमध्येच राहू द्यावा. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकाप्रमाणे प्लास्टर मोजताना ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. एआयने प्रत्येक खिडकी-झरोका इमानदारीने वजा केला, तर ठेकेदाराचे नुकसान होते आणि बिलावरून वाद सुरू होतो.

पत्रांचा सूर

‘सी-७ कॉलम, खालून एक फूट हनीकोंब, एका बाजूला सळी दिसते, मुकादमाला सांगितले’ या नोंदीचे (हनीकोंब म्हणजे काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ, खडबडीत जागा) कडक पत्र मागितले तर ‘अक्षम्य निष्काळजीपणामुळे इमारतीस धोका’ असे येते, आणि सौम्य मागितले तर ‘किरकोळ पृष्ठदोष’ असे येते. पहिल्यात सिद्ध न झालेला आरोप आहे, दुसऱ्यात सळी दिसते हे गायब आहे. दोष किती गंभीर आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे असते. पत्रात जागा, उंची, दिसलेली स्थिती, फोटोचा क्रमांक आणि कोणाला केव्हा सांगितले एवढेच असावे. कराराच्या कलमांचे क्रमांकही एआय स्वतःच्या मनाने घालू शकते, म्हणून मूळ कराराचे पान समोर ठेवल्याशिवाय एकही क्रमांक पत्रात राहू देऊ नये.

मूळ नोंद आणि गोपनीयता

सुबक अहवाल झाला म्हणून डायरीचे पान टाकून देऊ नये. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेल्या संरचनात्मक दोषाची जबाबदारी प्रवर्तकावर (बिल्डरवर) असते, त्यामुळे मूळ पानाचा तारखेसह फोटो अहवालासोबतच जतन करावा. अहवालाचा मसुदा काम चालू असताना तिथे उभ्या असलेल्या माणसाने वाचावा, आणि मगच सही व्हावी. कामगारांची नावे, आधार क्रमांक आणि ठेकेदारांचे दर सार्वजनिक साधनात टाकू नयेत. मसुदा ‘गवंडी १’, ‘ठेकेदार अ’ असा करून घ्यावा आणि खरी नावे नंतर आपल्याच संगणकावर भरावीत.