सावजीसोबत फळांची वाइन घेताय? या चुका टाळा

नागपुरात फळांच्या वाइनबद्दल नाराजी ऐकली की मी आधी विचारतो, सोबत खायला काय होतं? उत्तर बहुधा एकच येतं: जांभळाची वाइन आणि सावजी मटण. आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक हीच.

सावजीच्या रश्श्यात भाजलेला खडा मसाला आणि काळी मिरी असते, वर लाल तर्री. जांभूळ मुळातच तुरट. तिखटावर तुरट पडलं की घोट कडवट होतो आणि घशातली आग वाढते. अल्कोहोल जास्त असेल तर आणखीच. म्हणून सावजीसाठी अननसाची किंवा आंब्याची, किंचित गोड आणि चांगली गार वाइन घ्या. लेबलवर अल्कोहोलचा आकडा असतो, तो 10 टक्क्यांच्या आसपास असलेला बरा. रस्सा ओरपल्या ओरपल्या घोट घेऊ नका. मध्ये भाकरीचा किंवा भाताचा घास जाऊ द्या, मग प्या. फळाची चव तेव्हा कुठे कळते.

जांभळाची बाटली उघडून बसला असाल तर ती वाया गेली असं नाही. वांग्याचं भरीत, तंदुरी कोंबडी किंवा गरम सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली तळलेली वडी, मागवा. धुरकट आणि तळलेल्या पदार्थांना तिचा तुरटपणा छान पेलतो. भरितासोबत तर ती मला मनापासून आवडते.

संत्र्याची वाइन कडू लागली तर दोष बहुतेक रस काढतानाचा असतो. बिया आणि पांढरी साल चिरडली गेली की त्यातलं लिमोनिन हळूहळू कडूपणा आणतं. ग्लासात साखर ढवळू नका. खारे शेंगदाणे किंवा गरम पाटोडी सोबत घ्या, मिठाने कडूपणा दबतो. संत्रा बर्फी मात्र लांब ठेवा. वाइनपेक्षा मिठाई गोड असली की वाइन नुसती आंबट लागते. आणि मेन्यूत ‘ऑरेंज वाइन’ दिसली की आपली संत्री आठवतील, पण ती पांढऱ्या द्राक्षांची असते, सालीसकट आंबवलेली. मागवण्याआधी विचारून घ्या.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा गाडीच्या डिक्कीत दुपारभर राहिलेली बाटली उकडते. वाइनला शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो आणि त्यावर इलाज नाही. माळ्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावरही ठेवू नका. गार करायची घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली वीसेक मिनिटं बुडवा. ग्लासात बर्फ टाकला तर चव पातळ होते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. वर्षानुवर्षं जपून ठेवण्यात काही अर्थ नाही, या वाइनचं फळ ताजेपणीच बोलतं.

वर्धा रोडने सहलीला निघणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि वाइनही त्यात येते. गडचिरोलीतही तेच. तिकडे जायचं असेल तर बाटली घरीच राहू द्या.