कोर्टाचं वॉरंट निघालंय का ते कसं पाहायचं, आणि रद्द कसं करून घ्यायचं

"पुकारा तीनदा. आरोपी गैरहजर. अर्ज नाही. एन.बी.डब्ल्यू. काढण्यात यावे." रोजनाम्यावर, म्हणजे केसच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, एवढं लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. एन.बी.डब्ल्यू. म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या फौजदारी कोर्टांत बेंच क्लार्क म्हणून मी एकतीस वर्षं काढली. ही ओळ माझ्या हाताने किती वेळा लिहिली याची मोजदाद नाही. त्यातले खरोखर फरार झालेले थोडे. बाकीच्यांना तारीख कळलेलीच नसायची, घर बदललेलं असायचं, नाहीतर मजुरी बुडेल म्हणून एक तारीख चुकवलेली आणि मग भीतीपोटी पुढच्या चार. निवृत्त झालो तरी नात्यातली, ओळखीची माणसं रात्री दबक्या आवाजात फोन करतात, "भाऊ, माझ्या नावावर वॉरंट आहे म्हणतात, काय करू?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. वॉरंट शिळं होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ७२ स्पष्ट सांगतं की ज्या कोर्टाने वॉरंट काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंत राहतं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होतं. पाच-सात वर्षं दारात कोणी आलं नाही म्हणून प्रकरण मिटलं, असं लोक धरून चालतात. मग पासपोर्टची पोलीस पडताळणी निघते आणि सगळं वर येतं. वॉरंट असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, असलेला जप्तही करता येतो.

वॉरंट दोन प्रकारचं. जामीनपात्र वॉरंटावर किती रकमेचा जामीन, किती जामीनदार आणि कोणत्या तारखेला हजर राहायचं हे लिहिलेलं असतं. हवालदार घरी आला की तो जामीन द्यायचा, पोलीस सोडतात, त्या तारखेला कोर्टात जायचं. अजामीनपात्र, म्हणजे एन.बी.डब्ल्यू., त्यात पोलिसांना सोडायचा अधिकार नाही. धरून कोर्टापुढे उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत. इथे एक गैरसमज मी आयुष्यभर खोडत आलो. वॉरंट अजामीनपात्र आहे म्हणजे गुन्हा अजामीनपात्र आहे असं नव्हे. चेक न वटल्याची केस, कलम १३८ ची, गुन्हा जामीनपात्र. पण तारखा चुकवल्या तर वॉरंट मात्र एन.बी.डब्ल्यू. निघतं. आणि हो, साक्षीदारालाही वॉरंट निघतं. समन्स मिळूनही साक्षीला न जाणाऱ्या कितीतरी सज्जन माणसांना हे दारात हवालदार उभा राहिल्यावर कळतं.

आता पाहायचं कसं. ई-कोर्ट्सची वेबसाइट किंवा मोबाइलवरचं त्यांचं ॲप, दोन्ही फुकट आहेत. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सी.एन.आर. नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाताशी असेल तर तो टाका, दुसरं काही लागत नाही. नसेल तर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. नाव इंग्रजीत टाकताना एका स्पेलिंगवर थांबू नका. गायकवाड हे एकच आडनाव तीन तऱ्हांनी टाइप झालेलं मी पाहिलंय, आणि टाइप करणारे आम्हीच. वर्ष विचारलं की केस कोर्टात दाखल झाली ते वर्ष द्या, घटना घडली ते नव्हे. नुसतं 'प्रलंबित' पाहू नका, 'दोन्ही' हा पर्याय निवडा. आरोपी सापडत नाही म्हणून सुप्त फाइलला गेलेली प्रकरणं नजरेतून सुटायला नकोत. पोलीस केस असेल तर पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष टाकूनही सापडते.

केस उघडली की पुढची तारीख आणि कामकाजाचा टप्पा बघा. तिथे बी.डब्ल्यू. (जामीनपात्र वॉरंट) किंवा एन.बी.डब्ल्यू. ही अक्षरं दिसली तर समजून घ्या. पुढे 'अनरेडी' असेल तर त्याचा अर्थ केस पुढे चालायला तयार नाही, तुमची वाट बघत थांबलीय. पण वेबसाइट सगळं सांगत नाही. वॉरंटाचा आदेश होणं आणि वॉरंट प्रत्यक्ष पोलीस ठाण्यात पोचणं यात अंतर असतं. खाजगी फिर्यादीत फिर्यादीने प्रोसेस फी, म्हणजे समन्स-वॉरंट काढायची फी, भरली नसेल तर ते निघतही नाही. म्हणून वकिलामार्फत फाइल बघून घ्यावी. रोजनामा वाचला की पाच मिनिटांत उलगडा होतो: समन्स कधी काढलं, ते कोणत्या पत्त्यावर गेलं, काय शेरा मारून परत आलं. 'सदर इसम पत्त्यावर राहत नाही' असा शेरा असेल तर तो तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा कागद आहे, कारण समन्स मिळालंच नव्हतं हे तिथे पोलिसांच्याच अक्षरात लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगून ठेवलंय की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि त्यानंतरच, कोर्टाची खात्री पटली तर, अजामीनपात्र. तुमच्या बाबतीत मधली पायरी गाळली असेल तर वकिलाने ते अर्जात मांडायलाच हवं.

व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून कोणी वॉरंट दाखवत असेल, पैसे भरा म्हणजे रद्द करतो म्हणत असेल, तर फोन ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. खरं वॉरंट लेखी असतं, त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का असतो. ते पैसे देऊन फोनवर रद्द होत नाही.

वॉरंट आहे हे नक्की झालं की पुढच्या तारखेची वाट बघू नका. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आहे: पोलिसांनी आणायच्या आधी आपण होऊन जा. पुढची तारीख दोन महिन्यांनी असेल तर 'प्रकरण आजच्या बोर्डावर (म्हणजे आजच्या कामाच्या यादीत) घ्यावे' असा एक अर्ज आणि सोबत वॉरंट रद्द करण्याचा दुसरा अर्ज, दोन्ही एकाच दिवशी देता येतात. दिवस निवडताना सोमवार ते बुधवार बघा आणि सकाळी कोर्ट बसायच्या आधी पोचा. शुक्रवारी दुपारी गेलात आणि जामीनदाराचा एखादा कागद कमी पडला, तर शनिवार-रविवार आत काढायची पाळी येऊ शकते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोचा चेहरा अजून आठवतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं किंवा तालुका समितीचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन १५१००.

अर्जात कारण खरं लिहा. दवाखान्यात होतात तर डिस्चार्ज कार्ड जोडा, घर बदललं तर नव्या पत्त्याचा भाडेकरार किंवा वीजबिल जोडा. आणि खरोखरच विसरलात, तर 'तारीख लक्षात राहिली नाही, दिलगीर आहे, यापुढे प्रत्येक तारखेला हजर राहीन' एवढं लिहा. मेलेल्या आजीला पुन्हा मारू नका. न्यायाधीश दिवसाला असे पंधरा अर्ज वाचतात, बनावट वैद्यकीय दाखला त्यांना कागदाच्या रंगावरून कळतो.

जामीनदार सोबत न्या. त्याचं आधार कार्ड, फोटो, आणि ऐपत दाखवणारा कागद: सातबारा, घरपट्टीची पावती किंवा नोकरदार असेल तर पगारपत्रक. आधी जामीन घेतला होता आणि मग गैरहजर राहिलात, तर तो जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याची तुम्ही दिलेली लेखी हमी, जप्त होऊ शकतो आणि जुन्या जामीनदारालाही नोटीस जाते. त्याच्या घरी जाऊन त्याला आधी सांगा, माणसाने तुमच्यासाठी सही केलेली असते. कोर्टाच्या फाटकापाशी पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. खोट्या कागदांवर जामीन राहिला की एका वॉरंटाच्या जागी नवा गुन्हा येतो. जामीनदार मिळतच नसेल तर रोख रक्कम भरायची परवानगी मागता येते, वकिलाला तेवढं बोलायला सांगा.

एक बाई आठवतात. पतसंस्थेच्या कर्जासाठी दिलेला चेक वटला नव्हता, खोली बदलल्यामुळे समन्स मिळालं नव्हतं, आणि एन.बी.डब्ल्यू. निघून आठ महिने झाले होते. मंगळवारी सकाळी साडेदहाला त्या माझ्या टेबलापाशी उभ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात वीजबिल, भाडेकरार आणि भावाचा सातबारा. पुकारा झाला, त्या पुढे आल्या. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला पोलिसांनी आणलं का?" त्या म्हणाल्या, "नाही साहेब, माझी मीच आले." साहेबांनी समन्सवरचा शेरा माझ्याकडून वाचून घेतला, वॉरंट रद्द केलं, पाचशे रुपये कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम, भरायला लावली, जामीन मंजूर केला. दुपारी भावाचे कागद तपासून झाले आणि तीनच्या सुमारास त्या घरी गेल्या. त्याच आठवड्यात तशाच केसमधला एक गडी पोलिसांनी संध्याकाळी पाचला आणला. जामीन त्यालाही मंजूर झाला, पण तेवढ्या वेळात जामीनदार कुठून आणणार? रात्र त्याने कोठडीत काढली.

पोटगी थकल्यामुळे निघालेलं वॉरंट वेगळं. तिथे नुसता माफीचा अर्ज चालत नाही. थकलेल्या रकमेतला जमेल तेवढा मोठा भाग घेऊनच जा आणि उरलेल्याचे हप्ते मागा, कारण तुरुंगात राहिलं तरी ती थकबाकी फिटत नाही.

वॉरंट रद्द झालं की माणसं आनंदाने थेट बसस्टँड गाठतात. थांबा. कोर्टाचं रद्द झाल्याचं पत्र पोलीस ठाण्यात पोचेपर्यंत तिथल्या वॉरंट हवालदाराच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव तसंच असतं. १५ ऑगस्ट २००२ रोजी मुंबईत एका माणसाला अशाच, तीन दिवसांपूर्वी रद्द झालेल्या वॉरंटावर पकडलं होतं, आणि तो स्वतः वकील होता. हातात आदेशाची प्रत नव्हती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०११ च्या निकालात वॉरंटांच्या नोंदी कशा ठेवायच्या, रद्द झाल्याचं कसं कळवायचं याच्या सूचना आल्या. तरीही तुम्ही त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या. बेंच क्लार्कला अदबीने विचारा, "रद्दचं पत्र कधी निघेल?" शक्य असेल तर ते हातोहात पोलीस ठाण्यात नेण्याची परवानगी वकिलामार्फत मागा, आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. प्रमाणित प्रतीची झेरॉक्स महिनाभर तरी खिशात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये.

पुढची तारीख कागदावर लिहून घ्या, तोंडी ऐकून नको. पंधरा आणि पंचवीस यांत गफलत होऊन निघालेली वॉरंटंही मी लिहिली आहेत. नवा पत्ता आणि मोबाइल नंबर अर्जाने फाइलवर नोंदवा. एखाद्या तारखेला खरंच जमणार नसेल तर त्याच दिवशी सकाळी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज पडला पाहिजे. पुकाऱ्याच्या वेळी टेबलावर तो एक कागद असला, की क्लार्क रोजनाम्यावर 'अर्ज आहे' असं लिहितो.