लातूर ते तुळजापूर सायकलवर: काट्यांचं काय करायचं?

मराठवाड्यात पहिल्यांदाच सायकल घेऊन येणारे उन्हाबद्दल विचारतात, कुत्र्यांबद्दल विचारतात, रात्री मुक्काम कुठे करायचा ते विचारतात. काट्यांचं नाव कुणी काढत नाही, आणि दुपारच्या आत रस्त्याच्या कडेला चाक उलटं करून बसायची वेळ येते ती नेमकी त्यांच्यामुळेच.

एका दिवसासाठी लातूर–औसा–उजनी–तुळजापूर हा रस्ता धरा, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. नोव्हेंबर ते जानेवारी या दिवसांत या. थंडीत इथे वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून असतो, म्हणजे पाठीवर. तुळजापूरहून लातूरला जा म्हणणाऱ्यांनी हा रस्ता बहुधा गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. नवरात्र ते कोजागरी मात्र टाळा, रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांचा असतो आणि तुळजापुरात खोली मिळत नाही.

उजाडताच निघा, नाश्ता औशात करा. उजनीची बासुंदी चुकवू नका, पण एका वाटीवर थांबा. दुपारी दोन-तीन तास आडवे व्हा.

आता काटे. इथे दोन प्रकार त्रास देतात. एक बाभळीचा: लांब, सरळ, टायरमध्ये रुतलेला लगेच दिसतो. शेताच्या कुंपणासाठी फांद्या ओढून नेतात, त्यांचे तुकडे रस्त्यावर पडतात. दुसरा सराटा. जमिनीसरशी पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल साइडपट्टीवर सगळीकडे असते. तिचं फळ वाळून फुटलं की हरभऱ्याएवढे टणक तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एक टोक वर राहतंच.

डांबरावर असेपर्यंत सहसा काही होत नाही. पण गाळप हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या धावत असतात, ड्रायव्हरने गाणी मोठ्याने लावलेली असतात, मागून हॉर्न वाजला की आपण बिचकून खाली उतरतो. तिथेच सराटे लागतात. ट्रॉलीला वाट द्यायचीच, पण वेगात खाली घुसू नका. आधी थांबा, सायकल हाताने बाजूला घ्या, परत डांबरावर चढवण्यापूर्वी दोन्ही चाकं एकेक फेरा फिरवून बघा. आणि सावलीला थांबताना झाड ओळखा. लिंब, चिंच, वड चालेल. बाभळीखाली सायकल न्यायचीच नाही, कितीही ऊन असो.

‘काटा दिसला की उपटा’ हा सल्ला सर्रास देतात. माझं मत उलटं आहे. हवा टिकून असेल तर काटाच बुचासारखा बसलेला असतो. समोर गाव दिसत असेल तर तसेच जा, सावलीत बसून मग काढा.

हवा गेलीच तर रस्त्यावर पॅच लावत बसू नका, ट्यूब बदला. पण नवी ट्यूब घालण्याआधीचं काम, म्हणजे टायर आतून तपासणं, बहुतेक जण घाईत उरकतात, आणि माझंही पूर्वी इथेच अडायचं. सराट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं. बाहेरून काही दिसत नाही, आतून बोट फिरवलं तरी लागत नाही, लागलं तर रक्तच निघतं. नवी ट्यूब चार-पाच किलोमीटरवर पुन्हा बसते आणि आपण ट्यूब बनवणाऱ्याला शिव्या देतो.

म्हणून जुनी ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरापाशी होता ते लक्षात ठेवा. ट्यूबमध्ये हवा भरून ओठांजवळून फिरवा, गार झुळूक लागते तिथे भोक. तेवढ्याच अंतरावर टायर चाचपा, व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनी, कारण ट्यूब उलटी धरली गेलेली असू शकते. चाचपायचं सुती पंचाने: जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. त्या जागी टायर उलटा वाकवा, आतून टोकदार चिमट्याने धरून ओढा. नुसतं बाहेरून ढकलत बसलात तर ते आणखी मोडतं. एक निघालं म्हणून थांबू नका, पंचा पूर्ण टायरभर फिरवा. सराटा एकटा सापडला असं क्वचित होतं.

गावातल्या दुकानात गेलात तर ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ इथून सुरुवात होते. चहा घ्या, गप्पा मारा, पण हवा आपल्या हातपंपानेच भरा. मोटरसायकलचा कॉम्प्रेसर बारीक ट्यूब क्षणात फोडतो. प्रेस्टा व्हॉल्व्ह (बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला) असेल तर छोटा अडॅप्टर बरोबर हवाच, त्याशिवाय तिथला पंप सहसा बसत नाही.

पावसानंतर काळ्या मातीच्या शेतरस्त्याने शॉर्टकट मारायचा नाही. चाक फिरायचंच थांबतं.

तुळजापुरात लॉज भरपूर आहेत, खालच्या मजल्यावरची खोली मागा. पॅच रात्री लावा: भोकाभोवती पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनची चकाकी जाईपर्यंत थांबा, मग दाबा. पहाटे उठल्या उठल्या दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघा. एखादं मऊ लागलं तर नळदुर्गचा किल्ला तासभर उशिरा बघा, पण आधी पंचा काढा.