एआरटी केंद्रात नव्याने रुजू झालात? आधी एखाद्या संघटनेत नाव घाला

एआरटी केंद्रातले, म्हणजे एचआयव्हीवर औषधोपचार देणाऱ्या केंद्रातले, पहिले काही महिने रजिस्टर, ग्रीन बुक (रुग्णाच्या उपचारांची नोंदवही) आणि गोळ्यांचा हिशेब यातच जातात. तरी प्रत्येक नव्या डॉक्टरला, सिस्टरला, समुपदेशकाला मी आग्रहाने सांगते, याच काळात एचआयव्हीवर काम करणाऱ्यांच्या एखाद्या व्यावसायिक संघटनेचे सभासद व्हा.

या क्षेत्रात शिकलेलं फार लवकर जुनं होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) साधारण २००च्या खाली गेला की औषध चालू व्हायचं. मग मर्यादा ३५०, पुढे ५०० झाली आणि २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार. एफाविरेन्झ हे औषध जाऊन डोल्युटेग्रावीर आलं, आणि आता बहुतेकांना टीएलडीची, म्हणजे डोल्युटेग्रावीरसह तीन औषधं एकत्र असलेली, रोज एक गोळी पुरते. काय करायचं ते परिपत्रकातून कळतं. पण परिपत्रकात न बसणारा रुग्ण समोर आला, की चार पावसाळे जास्त पाहिलेलं माणसच लागतं.

आमच्याकडे एका गरोदर बाईचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) खालीच येईना. गोळ्या मोजल्या तर बरोबर. ‘ताई, एक दिवस चुकला नाही,’ असं ती कळवळून सांगायची. संघटनेच्या चर्चासत्रात मी ही केस मांडली. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी एवढंच विचारलं, ‘अगं, लोहाची न् कॅल्शियमची गोळी ती कधी घेते?’ सकाळी उपाशीपोटी, टीएलडीबरोबरच! लोह आणि कॅल्शियम उपाशीपोटी डोल्युटेग्रावीर अंगी लागू देत नाहीत. टीएलडी या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर सगळ्या गोळ्या जेवणासोबत. वेळ बदलली आणि पुढचा रिपोर्ट चांगला आला. टीबीवर रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्रावीरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची गोळी लागते, हेही अशाच चर्चांमध्ये डोक्यात पक्कं बसतं.

डॉक्टरांनी एड्स सोसायटी ऑफ इंडियाकडे बघावं. तिची ‘एसिकॉन’ ही परिषद भारतातल्या रुग्णांचे प्रश्न घेऊन बसते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल एड्स सोसायटीत परिचारिका, समुपदेशक, कार्यकर्ते, सगळ्यांनाच सभासद होता येतं. तिची परिषद २०२४ ला म्युनिकमध्ये आणि २०२५ ला किगालीत झाली. खर्चाला घाबरू नका, शिष्यवृत्त्या असतात. फक्त अर्ज कित्येक महिने आधी करावा लागतो. आपल्याच केंद्रातली निरीक्षणं नीट लिहून पाठवा. तालुक्याच्या ठिकाणचं काम कमी मोलाचं नसतं.

केस मांडताना मात्र नाव, गाव, ग्रीन बुकचा फोटो, काहीही बाहेर जाता कामा नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही कायदा गोपनीयतेबद्दल कडक आहे, आणि असायलाच हवा.

हाच कायदा तुमच्याही बाजूने उभा आहे. सुई टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. पीईपी, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठीची औषधं, शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, आणि ती २८ दिवस घ्यायची. ती पुरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे. कुणी टाळाटाळ केली तर संघटनेतल्या ज्येष्ठांना रात्री फोन करायलाही संकोचू नका.